सरकारी अनुदानातलं संशोधन बाजारापर्यंत कसं न्यायचं: विद्यापीठातल्या नवख्यांसाठी पेटंटची वाट

प्रयोगशाळेत काहीतरी नवं हाती लागलंय, पैसा सरकारी प्रकल्पाचा आहे, आणि गाईड म्हणतायत, "याचं पेटंट करून टाकू." अशा वेळी पुढे काय करायचं, हे पीएचडीच्या विद्यार्थ्याला किंवा नव्याने रुजू झालेल्या प्राध्यापकाला सहसा कुणी नीट सांगत नाही. विभागातल्या एखाद्याने पूर्वी अर्ज केलेला असतो, त्याच्याकडून अर्धवट ऐकलेलं असतं, आणि बाकीचं पेटंट एजंटवर, म्हणजे अर्ज लिहून दाखल करणाऱ्या व्यावसायिकावर सोडलं जातं. म्हणून ही वाट क्रमाने मांडतो.

लेखभर एकच उदाहरण धरू. समजा, तुम्ही कोकणातल्या जांभा दगडाची भरड एका विशिष्ट पद्धतीने भाजून असं माध्यम तयार केलंय, की ते पाण्यातलं फ्लोराइड शोषून घेतं. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार लिटरमागे १ मिलिग्रॅम ही स्वीकारार्ह मर्यादा आहे. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. म्हणजे तुमच्या शोधाची गरज खरी आहे. तरीही पहिल्या दिवसापासून एक प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: हे माध्यम कोण बनवणार, कोण विकत घेणार आणि कुणाच्या घरात ते पोचणार? पुढच्या प्रत्येक पायरीवर निर्णय घेताना हाच प्रश्न कामी येतो.

पहिली पायरी: अर्ज आधी, बोलणं नंतर

पेटंटसाठी शोध जगात कुठेही आधी जाहीर झालेला चालत नाही, तुम्ही स्वतः जाहीर केलेला असला तरी. पेपर, परिषदेतला अ‍ॅबस्ट्रॅक्ट, प्रीप्रिंट, यूट्यूबवरचं भाषण, वर्तमानपत्रातली बातमी, हे सगळं जाहीर करणंच आहे. आपल्याकडे दोन जागा विशेष सांभाळायच्या. एक म्हणजे 'आविष्कार' ही विद्यापीठांतली संशोधन स्पर्धा. विद्यार्थी उत्साहाने पोस्टरवर तापमान, प्रमाण, आलेख सगळं छापतात, आणि परीक्षकांबरोबर शेकडो लोक ते वाचतात, फोटो काढतात. दुसरी जागा म्हणजे प्रबंध. मौखिक परीक्षा खुली असते आणि प्रबंध 'शोधगंगा' या प्रबंधांच्या खुल्या ऑनलाइन संग्रहावर चढतो. अर्ज व्हायचा असेल तर प्रबंध काही काळ रोखून ठेवण्याची विनंती आधीच लेखी करा.

भारतीय कायद्यात बारा महिन्यांची सवलत आहे, पण ती फारच अरुंद आहे: केंद्र सरकारने अधिसूचित केलेलं प्रदर्शन, विद्वत्‌संस्थेपुढे वाचलेला निबंध अशा मोजक्या प्रसंगांपुरती. तिच्या भरवशावर राहू नका. जनुकं जोडण्याच्या तंत्रज्ञानाचा पाया घालणाऱ्या स्टॅनले कोहेन आणि हर्बर्ट बॉयर यांचा पेपर नोव्हेंबर १९७३ मध्ये छापून आला. स्टॅनफर्ड विद्यापीठाने पेटंटचा अर्ज केला तो ४ नोव्हेंबर १९७४ रोजी. अमेरिकेत तेव्हा वर्षभराची मुभा होती, म्हणून तिथलं पेटंट अगदी काठावर वाचलं. परदेशातले हक्क मात्र गेले ते गेलेच.

याचा अर्थ पेपर लिहूच नये असा अजिबात नाही. प्रोव्हिजनल, म्हणजे तारीख पकडून ठेवणारा प्राथमिक अर्ज दाखल झाला, अर्ज क्रमांक हातात आला, की त्यातला मजकूर दुसऱ्या दिवशी पेपरला पाठवा. तोवर कंपनीशी किंवा बाहेरच्या प्रयोगशाळेशी बोलायचंच असेल, तर गोपनीयतेचा करार करून बोला.

दुसरी पायरी: शोध कुणाचा, ते कागदावर आणा

आधी अनुदानाचं मंजुरीपत्र काढा आणि बौद्धिक संपदेचं कलम वाचा. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान मंत्रालयाने मार्च २००० मध्ये काढलेल्या सूचनांनुसार, मंत्रालयाच्या पैशातून झालेल्या शोधाची मालकी संस्थेकडे राहते. सरकारला स्वतःच्या वापरासाठी विनारॉयल्टी परवाना असतो. उत्पन्नातला संशोधकांचा वाटा संस्था ठरवते, पण तो प्रत्यक्ष कमाईच्या एक तृतीयांशापर्यंतच. अमेरिकेत हे सगळं १९८० च्या बाय-डोल कायद्याने बांधून दिलं. आपल्याकडे तसंच विधेयक डिसेंबर २००८ मध्ये राज्यसभेत मांडलं गेलं, स्थायी समितीकडे गेलं, आणि २०१४ मध्ये मागे घेतलं गेलं. त्यामुळे आपल्याकडे सगळी मदार मंजुरीपत्र, संस्थेचं आयपी (बौद्धिक संपदा) धोरण आणि तुमच्या सह्यांवर आहे.

नोकरदाराच्या शोधाबद्दल भारतीय पेटंट कायद्यात वेगळं कलम नाही. विद्यार्थी तर नोकरदारही नसतो. म्हणून हक्क संस्थेकडे देणारा कागद प्रत्येक शोधकाकडून वेळेत सही करून घ्यावा लागतो. मुलं पदवी घेऊन जर्मनीला किंवा बंगळुरूला गेल्यावर सह्या जमवणं किती जड जातं, ते आयपी सेलमध्ये काम करणाऱ्या कुणालाही विचारा. या कागदातली भाषाही बघा. स्टॅनफर्डच्याच एका संशोधकाने विद्यापीठाला 'हक्क देण्याचं मान्य करतो' असं लिहून दिलं होतं. नंतर तंत्र शिकायला तो एका कंपनीत गेला, तिथे त्याने 'याद्वारे हक्क देत आहे' अशा कागदावर सही केली. कंपनीचा कागद भारी ठरला, आणि २०११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात विद्यापीठ हरलं. तेव्हा कागदात 'देईन' नको, 'देत आहे' हवं.

शोधक कोण, हेही इथेच ठरवा. कल्पनेत ज्याने भर घातली तो शोधक. सांगितल्याप्रमाणे उपकरण चालवून आकडे काढून देणारा शोधक नव्हे, आणि खुर्चीमुळे विभागप्रमुखही नव्हे. पेपरवर ज्यांची नावं आहेत ते सगळे पेटंटवर यावेत असंही नाही.

व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपांवर 'पेटंटमध्ये नाव हवं आहे का, इतके हजार भरा' असे संदेश फिरतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका. अर्जात खरा आणि प्रथम शोधक कोण हे जाहीर करायचं असतं. तिथे खोटं लिहिणं म्हणजे पेटंट रद्द व्हायला कारण देणं. यातलं बरंचसं तर पेटंटही नसतं, ब्रिटनमधली डिझाइन नोंदणी असते, आणि तिथे नावीन्य तपासलंच जात नाही. पदोन्नतीच्या गुणांसाठी हे चालतं हे मला माहीत आहे. तरीही सार्वजनिक विद्यापीठाच्या नावावर हे होऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

तिसरी पायरी: आधी काय आहे ते शोधा

दोन दिवस यासाठी राखून ठेवा. गूगल पेटंट्स, युरोपीय कार्यालयाचं एस्पेसनेट, जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचं (वायपो) पेटंटस्कोप आणि भारतीय पेटंट कार्यालयाचं इनपास, चारही फुकट आहेत. फक्त शब्द टाकून थांबू नका. जवळचं एखादं पेटंट सापडलं की त्याचा वर्गीकरण क्रमांक घ्या आणि त्या क्रमांकाने पुन्हा शोधा.

आपल्या उदाहरणात 'जांभा फ्लोराइड शोषतो' एवढंच शोधलंत तर कितीतरी पेपर समोर येतील. तिथे खट्टू होऊ नका, आपलं वेगळेपण नेमकं कुठे आहे ते बघा. कदाचित ते अ‍ॅल्युमिनियमच्या क्षारात भिजवून ठरावीक तापमानाला भाजण्यात असेल, किंवा वापरलेलं माध्यम घरच्या घरी पुन्हा ताजं करता येण्यात. अर्ज त्या वेगळेपणाचा.

याच वेळी पेटंट कायद्याचं कलम ३ वाचा, म्हणजे काय पेटंट होऊच शकत नाही त्याची यादी. निव्वळ संगणक प्रोग्रॅम आणि अल्गोरिदम, माणसावरच्या उपचाराची पद्धत, शेतीची पद्धत, नुसतं मिश्रण, पारंपरिक ज्ञान, हे सगळं त्यात येतं. आयुर्वेद आणि वनस्पतींवर काम करणाऱ्यांनी पारंपरिक ज्ञानाचं पोटकलम दोनदा वाचावं. हळदीने जखम भरते यावर मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळालं होतं, डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने जुने ग्रंथ आणि लेख पुढे ठेवून ते १९९७ मध्ये रद्द करून घेतलं. जो नियम आपण त्यांना लावला, तोच आपल्यालाही लागतो. शोधात देशातली जैविक सामग्री वापरली असेल, तर पेटंट मिळण्याआधी चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे नोंदणीही करावी लागते.

राहुरी, दापोली, अकोला, परभणीच्या कृषी विद्यापीठांतल्या मित्रांनो, नव्या वाणाला पेटंट मिळत नाही. त्यासाठी २००१ चा वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा आहे, आणि त्यात शेतकऱ्याने घरचं बियाणं राखण्याचा, पेरण्याचा, वाटण्याचा हक्क शाबूत आहे.

चौथी पायरी: अर्ज

महाराष्ट्र आणि गोव्यासाठी पेटंट कार्यालय मुंबईत अँटॉप हिलला आहे, पण सगळं काम ऑनलाइन होतं. शोध अजून आकार घेत असेल तर प्रोव्हिजनल अर्ज करा. त्यानंतर बारा महिन्यांत पूर्ण तपशिलाचा कम्प्लीट अर्ज द्यावाच लागतो. प्रोव्हिजनल म्हणजे अर्ध्या पानाचा गोषवारा, असा एक गैरसमज घट्ट बसला आहे. त्यात जे लिहिलंय त्यालाच ती तारीख मिळते. म्हणून असतील तेवढे सगळे प्रयोग, तक्ते, पर्याय त्यात घाला.

खरा जीव असतो क्लेममध्ये, म्हणजे नेमका कशावर हक्क सांगतो ते लिहिलेल्या वाक्यांत. आपला पहिला क्लेम साधारण असा होईल: 'फ्लोराइड शोषणारं माध्यम बनवण्याची पद्धत, जिच्यात ०.५ ते २ मिलिमीटर आकाराची जांभ्याची भरड अ‍ॅल्युमिनियम सल्फेटच्या द्रावणात भिजवून, वाळवून, ५०० ते ६०० अंश सेल्सियसला भाजली जाते.' आता बघा. तुम्ही फक्त ५५० अंश लिहिलं असतंत, तर दुसरा कारखानदार ५८० ला भाजून मोकळा झाला असता. 'कुठल्याही तापमानाला' लिहिलं असतंत, तर पेटंट कार्यालयाच्या परीक्षकाने जुना पेपर काढून क्लेम उडवला असता. ५०० ते ६०० टिकवायचं असेल तर ४५० ला आणि ६५० ला काय होतं तेही दाखवावं लागतं. म्हणजे न जमलेल्या प्रयोगांचे आकडेही इथे सोन्याच्या मोलाचे. तारीख आणि सही असलेली लॅबची वही म्हणूनच जपायची. एजंटला पेपरचा पीडीएफ पाठवून हात झटकू नका. त्याच्यासमोर बसून 'दुसरा माणूस हे टाळून कसं करेल?' हा प्रश्न पुन्हा पुन्हा सोडवा.

खर्चाचं म्हणाल तर सरकारी फी अडचणीची नाही. २०२१ पासून शैक्षणिक संस्थांना मोठी सवलत आहे. ऑनलाइन अर्जाला १,६०० रुपये (मोठ्या कंपनीला ८,०००), परीक्षणाच्या विनंतीला ४,००० (कंपनीला २०,०००). सवलतीसाठी फॉर्म २८ जोडावा लागतो, आणि मोठी कंपनी सहअर्जदार असेल तर सवलत जाते. ३० पानांच्या पुढे प्रत्येक पानाला आणि १० क्लेमच्या पुढे प्रत्येक क्लेमला जादा पैसे पडतात. मोठा खर्च एजंटच्या मसुद्याचा असतो, आणि तिथे काटकसर करू नये.

परदेशातही संरक्षण हवं असेल तर पहिल्या अर्जापासून बारा महिन्यांत पीसीटी, म्हणजे अनेक देशांसाठीचा एकत्रित आंतरराष्ट्रीय अर्ज करायचा, म्हणजे देशोदेशीचा निर्णय तिसाव्या-एकतिसाव्या महिन्यापर्यंत लांबवता येतो. थेट परदेशात आधी अर्ज करायचा तर पेटंट कार्यालयाकडून कलम ३९ ची परवानगी घ्या, नाहीतर इथे अर्ज करून सहा आठवडे थांबा. फ्लोराइडच्या माध्यमासाठी अमेरिकेत लाखो रुपये घालण्यात मला अर्थ दिसत नाही. फ्लोराइडने त्रासलेल्या एखाद्या देशात बनवणारा जोडीदार मिळत असेल तर गोष्ट वेगळी.

पाचवी पायरी: तारखा सांभाळा

अठरा महिन्यांनी अर्ज प्रसिद्ध होतो. फॉर्म ९ भरला तर महिन्याभरात. प्रसिद्ध होणं म्हणजे पेटंट मिळणं नव्हे. 'प्राध्यापकांना पेटंट जाहीर' अशा बातम्यांतले पुष्कळ अर्ज तोवर परीक्षकाने उघडलेलेही नसतात. परीक्षणाची विनंती फॉर्म १८ ने वेगळी करावी लागते. १५ मार्च २०२४ पासूनच्या अर्जांना त्यासाठी ३१ महिन्यांची मुदत आहे, ती पूर्वी ४८ होती. जुनी मुदत डोक्यात ठेवून बसलात तर अर्ज मागे घेतला असं समजलं जाईल.

मग पहिला परीक्षण अहवाल येतो, ज्याला सगळे एफईआर म्हणतात. त्यात 'नावीन्य नाही', 'कलम ३' असे आक्षेप असतात. पहिल्यांदा वाचताना पोटात गोळा येतो, पण हे नेहमीचंच आहे. सहा महिन्यांत उत्तर द्यायचं, विनंती केली तर तीन महिने वाढवून मिळतात. परीक्षकाने दाखवलेले जुने पेपर एजंटपेक्षा तुम्हालाच चांगले कळतात, त्यामुळे उत्तराचा तांत्रिक भाग तुम्हीच लिहा. एफईआर एजंटच्या ईमेलमध्ये पडून राहिला आणि अर्ज सोडून दिला असं ठरलं, हे आपल्या विद्यापीठांत नको तितकं घडतं. संस्थेचा एक कायमचा ईमेल पत्ता प्रत्येक अर्जावर असू द्या.

सहावी पायरी: घेणारा शोधा

ही पायरी सहाव्या क्रमांकावर लिहिली असली, तरी तिचं काम प्रोव्हिजनल दाखल झाल्याच्या आठवड्यातच सुरू करा. पेटंट मिळेपर्यंत थांबलात तर वर्षं निघून जातात.

कंपनी पहिल्याच बैठकीत विचारते: किलोला खर्च किती? एका किलोत किती लिटर पाणी? खरं बोअरचं पाणी वापरलंत, की प्रयोगशाळेत फ्लोराइड घालून बनवलेलं? वापरलेलं माध्यम टाकायचं कुठे? ग्रॅमभर माध्यमावरच्या आलेखांनी यांतल्या एकाचंही उत्तर मिळत नाही. म्हणून आधी एक पोतं माध्यम बनवा आणि एखाद्या गावात जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागाला बरोबर घेऊन काही महिने चालवा. यासाठी पैसा मिळतो: हार्डवेअरच्या नमुन्याला केंद्र सरकारच्या निधी-प्रयास योजनेतून १० लाखांपर्यंत, जैवतंत्रज्ञानाच्या कल्पनेला बायरॅक या सरकारी संस्थेच्या बिग अनुदानातून ५० लाखांपर्यंत. सार्वजनिक संस्थांचं तंत्रज्ञान उद्योगांना देण्यासाठी १९५३ पासून एनआरडीसी हे सरकारी महामंडळ आहे. संस्थेचा टीटीओ (तंत्रज्ञान हस्तांतरण कार्यालय) दुबळा असेल तर त्यांच्याशी बोला.

परवाना एकाला द्यायचा की अनेकांना, हा मोठा निर्णय. औषधाच्या रेणूवर कंपनीला चाचण्यांसाठी अनेक वर्षं आणि कोट्यवधी रुपये घालायचे असतात. एकाधिकार दिल्याशिवाय ती हात लावणार नाही. आपलं माध्यम मात्र भट्टी असलेला कुठलाही लहान कारखानदार बनवू शकतो. तिथे अनेकांना कमी फीवर द्यावं, म्हणजे स्पर्धेने किंमत उतरते. कोहेन-बॉयर पेटंट स्टॅनफर्डने असंच सर्वांना खुलं ठेवून परवान्यावर दिलं आणि त्यातून एकूण सुमारे २५.५ कोटी डॉलर मिळाले. अर्थात असं यश क्वचितच येतं. आपल्याकडे पुण्याच्या एनसीएलने (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) नव्वदच्या दशकात पॉलिकार्बोनेटचं तंत्रज्ञान अमेरिकेच्या जीई कंपनीला परवान्यावर दिलं, तेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. तरीही बहुतेक पेटंटांतून एजंटची फीसुद्धा सुटत नाही, हे गृहीत धरूनच चला.

करारात रॉयल्टीच्या टक्क्यावर सगळे भांडतात आणि टक्का कशाचा ते बघायचं राहून जातं. समजा ३ टक्के ठरले. कंपनी ४,००० रुपयांचा घरगुती फिल्टर विकते, त्यात आपलं माध्यम ४०० रुपयांचं. टक्का फिल्टरवर धरला तर नगामागे १२० रुपये, माध्यमावर धरला तर १२. 'निव्वळ विक्री' या शब्दाची व्याख्या करारात ओळ न ओळ लिहून घ्या. सरकारचा विनारॉयल्टी हक्कही कंपनीला आधीच सांगा, नंतर कटकट नको. पुढच्या सुधारणांवर कुणाचा हक्क, पेपर छापायला किती दिवस आधी कळवायचं, हेही ठरवा. आणि एक कलम काहीही झालं तरी सोडू नका: अमुक महिन्यांत उत्पादन बाजारात आलं नाही, तर एकाधिकार संपेल. कपाटात ठेवण्यासाठी पेटंट विकत घेणाऱ्या कंपन्याही असतात.

स्वतःच कंपनी काढायची असेल तर संस्थेची लेखी परवानगी घ्या आणि पेटंटचा परवाना रीतसर करून घ्या. २०१९ च्या राष्ट्रीय नवोपक्रम आणि स्टार्टअप धोरणानुसार, दिलेल्या सोयींच्या बदल्यात संस्था कंपनीत २ ते ९.५ टक्के वाटा घेऊ शकते. आयआयटी मुंबईचं साइन आणि एनसीएलच्या आवारातलं व्हेंचर सेंटर या नवउद्योगांना आधार देणाऱ्या केंद्रांत सल्लाही मिळतो आणि जागाही. प्रयोगशाळेतला विद्यार्थी कुणाचं काम करतोय, प्रबंधाचं की गाईडच्या कंपनीचं, हे मात्र पहिल्या दिवशी स्पष्ट झालं पाहिजे. यात मुलांचे फार हाल होतात.

पेटंट मिळाल्यावर

पेटंट वीस वर्षांचं, पण तिसऱ्या वर्षापासून नूतनीकरणाची फी भरली तरच. संस्थेला सवलतीच्या दराने सहाव्या वर्षापर्यंत वर्षाला ८०० रुपये, सातव्यापासून दहाव्यापर्यंत २,४००, पुढे आणखी. प्रकल्प संपलेला असतो, त्यामुळे ही फी कुणाच्या खात्यातून जाणार ते आधीच ठरवून ठेवा. फॉर्म २७ मध्ये पेटंट प्रत्यक्ष वापरात आहे का, हे दर तीन आर्थिक वर्षांतून एकदा कळवायचं असतं. ते खरं लिहा.

सातव्या वर्षाची फी भरायच्या आधी आयपी सेलने शोधकांना बोलावून बसावं. घेणारा मिळालाय का? कुणाशी बोलणी चालू आहेत का? दोन्हींचं उत्तर नाही असेल, तर फी नुसती चुकवू नका, ठरवून पेटंट सोडा. सोडल्यावर तो शोध कुणालाही वापरता येतो, पण त्याला त्याचा पत्ता लागायला हवा. भरडीचा आकार, द्रावणाचं प्रमाण, भट्टीचं तापमान, माध्यम पुन्हा ताजं करायची कृती, गावातल्या चाचणीचे आकडे, हे सगळं चार पानांत साध्या मराठीत लिहा. ते विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ठेवा आणि एक प्रत यवतमाळ आणि चंद्रपूरच्या पाणीपुरवठा विभागांना पाठवा.